मागून येणारा रंग

हाताने घडवलेल्या दागिन्यांना सध्या बरे दिवस आहेत. दिवाळीच्या आधीच्या महिन्याभरात पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा कुठल्याही शहरात एखादे तरी सभागृह त्यांच्या प्रदर्शनाने भरलेले सापडते. चांदी, पितळ, माती, कापड, दोरा, लाकूड, काच, सगळे तिथे गळ्यात घालायला मिळते. या प्रदर्शनांतून हिंडताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की या सगळ्या व्यवहाराचे ते ब्रीदवाक्यच असावे असे वाटते: "यात आणखी रंग आहेत, दाखवू का?" मग टेबलाखालच्या खोक्यातून त्याच घडणीचे सात-आठ हार निघतात. पोपटी, डाळिंबी, मोरपंखी, राणी, चिंतामणी. गिऱ्हाईक बाई पदराशी एकेक धरून पाहतात आणि त्यातला एक घेऊन जातात. टेबलावरच्या कार्डावर मात्र 'रंगांचे अभिनव प्रयोग' असे छापलेले असते.

मी अडते ती त्या 'प्रयोग' शब्दापाशी. जी घडण आठ रंगांत सारखीच दिसते, तिने रंगाचा काही विचार केलेला नाही. रंग बदलला तरी तारेची जाडी बदलत नाही, मण्यांमधले अंतर बदलत नाही, हार मानेवर कुठे बसेल तेही बदलत नाही. ही रंगाची निवड झाली. निवडीत वाईट काही नाही. कपाटभर साड्या असलेल्या बाईला ती हवीच असते. पण प्रयोग म्हटला की त्यात काहीतरी फसण्याची शक्यता लागते, आणि ज्या पदार्थावर तो करायचा त्याने कुठेतरी नकार द्यावा लागतो. म्हणून अशा दागिन्यांकडे पाहताना मी एक साधा प्रश्न विचारते: यातला रंग नेमका कुठे आहे? वर लावलेला आहे, पदार्थाच्या आत आहे, की मागून येतो आहे?

आपल्या जुन्या दागिन्यांना हा प्रश्न विचारला तर पहिल्यांदा जाणवते ते हे, की मराठी दागिना रंगाच्या बाबतीत फार हात आखडून वागतो. नथीत मोत्यांच्या गर्दीत लाल किंवा हिरवा एखाद-दुसरा खडा. कुडीत मोत्यांच्या फुलात मधोमध एखादा लाल ठिपका. कोल्हापुरी साजाच्या एकवीस पानांचा हिशेब सांगताना दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची आणि दोनच पाने माणिक-पाचूची असे सांगतात. उरलेले शेवटचे डोरल्याचे. एकविसात दोन! तन्मणीत पदरच्या पदर मोत्यांचे आणि रंग असलाच तर खोडात, म्हणजे मधल्या जडावाच्या तुकड्यात. रंग येतो तो ठिपक्यासारखा, कुंकवासारखा. तो पसरत नाही. राजस्थानी दागिना शेजारी ठेवला की हा फरक डोळ्यांत भरतो. तिथे हिरवा आणि लाल रंग शेतासारखे पसरलेले असतात आणि सोने त्यांच्यामधल्या बांधाएवढे उरते.

या आखडलेल्या हाताला अभिरुची म्हणायचा मोह होतो, आणि ती आहेही. पण तिच्या मागे एक रोकडा हिशेबही आहे, आणि तो शब्द प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे: मोड. दागिना मोडायला नेला की सोनार खडे वजनातून वजा करतो, लाख वजा करतो, मीना वजा करतो. उरते ते सोने आणि त्याचाच भाव येतो. अडीअडचणीची ठेव म्हणून जो दागिना घडवायचा त्यात रंग म्हणजे न परतणारा पैसा. तो जितका कमी तितका दागिना शहाणा. पेटीतल्या दागिन्याचा निम्मा जीव बाजारभावात असल्यामुळे रंगाला मुभाच कमी होती.

एका ठिकाणी मात्र हा हिशेब पार उलटा झालेला दिसतो, आणि ते ठिकाण सगळ्यांत जास्त पाहिले जाणारे असल्यामुळेच बहुधा कुणी त्याच्याकडे रंग म्हणून पाहत नाही. मंगळसूत्रातले काळे मणी. ती साधी काच आहे, दागिन्यातला सर्वांत स्वस्त पदार्थ. उजेडासमोर धरली तर पुष्कळदा ती फार गडद जांभळी किंवा हिरवी असल्याचेही दिसते. पण तिच्या त्या बारीक, दाट, न चमकणाऱ्या ओळीमुळे दोन वाट्यांचे थोडके सोने उजळून निघते. काळे मणी काढून त्याच वाट्या सोन्याच्या साखळीत ओवून पाहाव्यात. सोने वाढते आणि वाट्या हरवतात. सौभाग्याच्या कल्पनेचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. केवळ घडण म्हणून पाहिले तर मराठी दागिन्यातला हा रंगाचा सर्वांत धीट वापर आहे असे माझे मत आहे.

आता मागून येणाऱ्या रंगाकडे वळते. 'कोंदण' हा शब्द आपण भाषणांत आणि सत्कारांत इतका झिजवला आहे की त्याची मूळ कृती विसरली गेली. कोंदणकामात खडा नख्यांनी धरलेला नसतो. पोकळ घराच्या आत लाख भरतात, तिच्यावर खडा बसवतात आणि त्याच्या कडेने अतिशुद्ध सोन्याची पातळ पट्टी थरावर थर दाबत नेतात. सोने इतके शुद्ध असते की ते नुसत्या दाबाने स्वतःलाच चिकटते. आच द्यावी लागत नाही. खडा मागून बंद झाला, म्हणजे त्यातून आरपार उजेड जाणार नाही. मग त्याला उजेड द्यायचा कुठून? त्यासाठी खड्याच्या खाली चकचकीत पत्रा घालतात. त्याला डांक म्हणतात. पांढऱ्या खड्याखाली चांदीचा, रंगीत खड्याखाली पुष्कळदा त्याच रंगाची झाक दिलेला. फिकट माणिक तांबड्या डांकेवर बसले की वयात आल्यासारखे दिसते.

याला फसवणूक म्हणायचे का? काचेच्या तुकड्याखाली हिरवी डांक घालून तो पाचू म्हणून विकला तर ती फसवणूकच. पण खरा खडा आणि खरी डांक एकत्र आल्यावर जो रंग दिसतो तो ना खड्याचा ना डांकेचा. तो दोघांमधल्या पोकळीत तयार होतो, आणि ती पोकळी किती ठेवायची हे जडावकाम करणाऱ्याचे बोट ठरवते. हे कौशल्य काही आपलेच नाही. इटलीतल्या बेन्वेनुतो चेल्लिनीने १५६८ साली छापलेल्या सोनारकामावरच्या ग्रंथात डांक कशी करावी यावर मजकूर आहे, आणि एका माणकाच्या मागे पत्र्याऐवजी किरमिजी रेशमाचे बारीक कापलेले तंतू घालून त्याने तो खड्याचा रंग कसा चढवला तेही सांगितले आहे. हा प्रसंग मला फार आवडतो. आजही दागिन्यात रेशीम येते. ते बाहेरून गुंडाळलेले असते आणि साडीशी जुळते. चेल्लिनीचे रेशीम कुणाला दिसत नव्हते. दिसत होते ते माणिक.

राजस्थानातल्या प्रतापगडचे ठेवाकाम याच घराण्यातले. तिथे खड्याऐवजी रंगीत काच असते, तिच्यावर जाळीसारखे कोरलेले सोन्याचे पातळ पान तापवून बसवतात आणि काचेला मागून झळाळी देतात. याच्या अगदी उलट टोकाला फ्रान्समधला रेने लालीक. त्याच्या काही दागिन्यांत मीन्याच्या मागे धातूच नाही. चतुराच्या पंखासारखी नुसती चौकट आणि तिच्यात अडकलेली रंगीत काच, उजेड आरपार. लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात त्याचे स्त्रीचे धड आणि चतुराचे पंख असलेले प्रसिद्ध आभूषण आहे, त्यात हे दिसते. कोंदणवाल्याने उजेड अडवून परत पाठवला, लालीकने त्याला जाऊ दिले. दोघांनीही रंगाच्या आधी उजेडाचा विचार केला, आणि आपल्या प्रदर्शनांतल्या पुष्कळ कामात नेमका तोच झालेला नसतो.

मीनाकामाविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. मीना म्हणजे रंग नव्हे, काच. काचेत धातूंचे क्षार मिसळून तिला रंग आणतात: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवट निळा, क्रोमचा हिरवा, आणि गुलाबी-लालसाठी तर खुद्द सोन्याचा अंश. ही काच खलात कुटून, धुऊन, ओल्या पुडीच्या रूपात धातूत खोदलेल्या खळग्यांत भरतात, सुकवतात आणि साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आचेत वितळवतात. खळग्याच्या तळाशी बारीक रेषा खोदलेल्या असतात. त्या पूड धरून ठेवतात आणि पारदर्शक काचेखालून उजेड परत फेकतात. म्हणजे इथेही रंगाचा अर्धा भाग मागून येतो.

आता अडचणी. सगळ्या रंगांना सारखी आच सोसत नाही. जयपूरच्या जुन्या पद्धतीत सर्वांत जास्त आच सोसणारा पांढरा आधी भरतात आणि सर्वांत नाजूक लाल अखेरीस. प्रत्येक रंगाला पुन्हा भट्टी, म्हणजे आधी बसलेल्या रंगांना पुन्हा धोका. शिवाय धातूचाही स्वभाव आहे. चांगल्या सोन्यावर जवळजवळ सगळे रंग बसतात, चांदीवर मोजके, तांब्यावर त्याहून कमी. पारदर्शक लाल चांदीवर सरळ घातला की तो पुष्कळदा तपकिरीकडे किंवा नारिंगीकडे झुकतो. मध्ये बिनरंगी काचेचा थर देऊन त्याला सावरावे लागते. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, आणि तांबे मिसळलेली चांदी त्याच्या बरीच आधी ढेपाळू लागते, तेव्हा काच वितळावी पण दागिना वितळू नये यासाठी हाती उरणारी जागा फार अरुंद असते. धातू आणि काच निवताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर काच तडकते, ती कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी.

जयपूरचे मीनाकाम जेकब आणि हेंडली या दोघांनी १८८६ साली रंगीत चित्रांच्या ग्रंथात नोंदवले. राजा मानसिंहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून कारागीर आणले, अशी तिथली परंपरागत हकीकत आहे. माझ्या विषयाला त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते तिथले कामाचे वाटप. चितेरा रेखाटतो, सोनार घडवतो, घडिया खोदतो, मीनाकार रंग भरतो आणि जडिया शेवटी खडे बसवतो. हा क्रम आचेने ठरवलेला आहे: खडे आणि लाख भट्टीत जाऊ शकत नाहीत, म्हणून मीना आधी आणि जडाव नंतर. त्यामुळे दागिन्याची मागची बाजू मीन्याने भरलेली आणि पुढची खड्यांनी. मागच्या बाजूला फुले, पाने, पक्षी, आणि ते दिसतात फक्त घालणारीला, तेही काढताना-घालताना. शुद्ध सोने अंगावर घासून झिजू नये म्हणून मागे काच, असे याचे कारण सांगतात. असेलही. पण झीज टाळायला एक सपाट हिरवा थर पुरला असता.

बनारसचा गुलाबी मीना याहून वेगळा. तिथे अपारदर्शक पांढऱ्या थरावर गुलाबी रंग कुंचल्याने चढवतात. चित्रकाराच्या अगदी जवळचे काम, आणि तरी भट्टीतून जाऊन आलेले. वरून लावलेला रंग हलकाच असतो असा नियम करणाऱ्याने तो गुलाबी पाहावा.

आता तक्रार. प्रदर्शनांत आणि दुकानांत मीना म्हणून जे दाखवले जाते त्यातले पुष्कळसे काम मीना नसतेच. ते इपॉक्सी रेझिन असते: दोन द्रव मिसळायचे, रंग घालायचा, सुईने खळग्यात सोडायचा, वाळू द्यायचा. भट्टी नाही, क्रम नाही, तडकण्याची भीती नाही, चांदी वितळण्याची नाही. सुईचे टोक ओढले तर रेझिनवर ओरखडा उठतो, काचेवर सहसा नाही. (दुकानात हा प्रयोग करू नये.) उन्हात काही वर्षे राहिले की ते पिवळट पडते. रेझिनशी माझे काहीच भांडण नाही. त्याच्यात ज्या गोष्टी होतात त्या काचेत होणार नाहीत. त्यात पान, फूल, केस, धागा जसाच्या तसा बुडवता येतो, जाड आणि हलका आकार करता येतो, आणि असे सुंदर काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या त्याला रेझिन म्हणतात. भांडण आहे ते 'मीना' या नावाशी. कारण दोन्ही वस्तू एका टेबलावर एकाच नावाने आल्या की गिऱ्हाईक साहजिकच विचारते, याची किंमत चौपट का? आणि ज्याने चार वेळा भट्टी लावली, तीनदा तडकलेले काम फेकले, त्याच्याकडे त्या गर्दीत द्यायला दोन मिनिटांचे उत्तर नसते. पुढच्या वर्षी तोही रेझिन आणतो.

इथे कुणी म्हणेल की हे जुन्याचे कौतुक आणि नव्याची नावड झाली. तसे नाही, आणि त्यासाठी अकीक दगडाचे उदाहरण पुरेसे आहे. भरूच जिल्ह्यात रतनपूरजवळ निघणारा अकीक जमिनीतून येतो तेव्हा तो बहुधा पिवळट, मातकट असतो. खंबातचे कारागीर तो उन्हात वाळवतात आणि मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाच्या क्षारांतले पाणी उडते आणि तो लाल होतो. ज्या लाल अकीकाला आपण निसर्गाची देणगी समजतो तो असा पुष्कळदा माणसाने भाजलेला आहे, आणि हे आजचे नाही. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी याच्याही पुढे जाऊन लाल मण्यावर क्षाराच्या लेपाने नक्षी काढली आणि मणी पुन्हा तापवला. जिथे लेप होता तिथे दगड पांढरा झाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे असे मणी मेसोपोटेमियातल्या उर येथील राजांच्या थडग्यांतही सापडले. मोहेंजोदडो आणि चन्हूदडोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांना सिंधमधल्या सेहवान गावी हे काम जाणणारा एक वृद्ध कारागीर भेटला. धुण्याचा सोडा आणि एका रानटी झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांचा रस एवढ्यावर तो ही नक्षी उठवत असे. मॅके यांनी ती पद्धत १९३३ साली प्रसिद्ध केली.

या व्यापारात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी घडवण्याचा उद्योग होता, हे उत्खननांतून दिसले आहे. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वर्णनात, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, पैठणचे नाव येते ते तलम कापडासाठी नाही. तिथून गाड्या भरभरून सुलेमानी दगड भडोचच्या बंदराला जात. कापडासाठी नाव आहे तेरचे. पैठणी नेसून गळ्यात काळा सुलेमानी घालणाऱ्या बाईला हे ठाऊक असावे असे मला आपले वाटते.

तो काळा सुलेमानीही आज बहुधा रंगवलेलाच असतो. सच्छिद्र अकीक साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात घालायचा. आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड आतून काळा पडतो. दगड मधात शिजवण्याची युक्ती रोमन लेखक प्लिनीलाही माहीत होती, आणि एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावाने अकीक रंगवण्याचे शास्त्रच केले. 'हिरवा ओनिक्स' म्हणून मिळणारे मणीही बहुतेक रंगवलेले. म्हणजे रंग मूळचा असावा असा हट्ट धरला तर निम्मा इतिहास बाद करावा लागेल. भाजलेला किंवा मुरवलेला रंग दगडाच्या आत जातो, दगड जिथे दाट तिथे कमी चढतो आणि जिथे विरळ तिथे जास्त. पट्टे उठतात ते त्यामुळे. दगडाचे म्हणणे त्यात ऐकू येते. तोच दगड वरून रोगणाने रंगवला की एकसारखा दिसतो आणि गप्प होतो.

एवढे सगळे डोक्यात ठेवून मी आजच्या कामाकडे पाहते तेव्हा काही गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली चांगली आहे. चांदी, माती, कापड यांचे दागिने करणाऱ्यांनी मोडीचा हिशेब मोडून काढला. तो हार कुणी मोडायला नेणार नाही, म्हणून त्यात रंग कितीही असू शकतो. हे स्वातंत्र्य मराठी दागिन्याला पूर्वी नव्हते, आणि ज्यांनी ते मिळवले त्यांत घरच्या घरी काम करणाऱ्या बायका बहुसंख्य आहेत. सोन्याचा धाक गेला. दुर्दैवाने पुष्कळांच्या बाबतीत त्याबरोबर पदार्थाचाही धाक गेला.

मातीचे दागिने घ्या. भाजलेली माती लाल होते ती हवा भरपूर मिळाल्यामुळे. तीच माती हवा कोंडून, धुरात भाजली तर काळी होते. विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत जी काळी-तांबडी मडकी सापडतात त्यांवर एकाच भांड्यात हे दोन्ही रंग आहेत. मातीला स्वतःचे दोन उत्तम रंग असताना आपले बहुतेक टेराकोटावाले तिला ॲक्रिलिकचे सोनेरी, निळे आणि राणी रंग फासतात, आणि मग त्या मण्याला मातीचा म्हणण्यात त्याचे वजन सोडून काही कारण उरत नाही. मला आवडलेला एकच हार असा होता की त्यात अर्धे मणी लाल, अर्धे काळे, आणि मधल्या तिघांवर भट्टीतच दोन रंगांची सीमा आली होती. ती तिघांवर वेगवेगळ्या जागी होती. "यात आणखी रंग" नव्हते.

खणाच्या दागिन्यांचे दुखणे निराळे आहे. गुळेदगुड्डचा खण पुष्कळदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असा विणलेला असतो, म्हणून तो हलला की धूपछाव दिसते. रंग विणीत आहे, कोनात आहे. त्याचे रुपयाएवढे गोल कापून पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवले की ती हालचाल संपते आणि काठाची नक्षी अर्ध्यात तुटते. पण तेच तुकडे विणीची दिशा आलटून पालटून बसवले, किंवा एका बाजूने मोकळे सोडले, तर शेजारशेजारचे दोन तुकडे एकाच कापडाचे असूनही दोन रंगांचे दिसतात. असे काम मी पाहिले आहे, थोडे पण पाहिले आहे. ते करणाऱ्या बाईंनी रंग विकत आणला नव्हता. होता तोच दोन केला होता.

आणि काळवंडलेली चांदी. तिला सगळे 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात. प्रत्यक्षात तो गंधकाचा थर असतो, चांदीचा सल्फाइड. (स्वस्तात मिळते त्यात तर चांदीही नसते. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल.) खळग्यात काळे ठेवून उंचवटे घासून उजळले की नक्षी सावलीने रेखाटल्यासारखी उठते, आणि तिथे ते काळे आपले काम करते. मंगळसूत्रातल्या काचेचेच हे काम. पण गेल्या काही वर्षांत हे काळेपण सगळीकडून सारखेच ओतले जाते, घडणीतली कच्ची बाजू लपवायलाही. गंमत अशी की चांदी काळी होण्याआधी रंगांतून जाते. द्रावण पातळ आणि कोमट ठेवले तर ती आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळी होते आणि शेवटी काळी. त्यात रंगद्रव्य काहीच नसते; थराची जाडी बदलते तसा परतणारा उजेड बदलतो. टायटॅनियमवर विजेच्या दाबाने याच तत्त्वावर रंग उठवतात, आणि इतका दाब म्हणजे इतका निळा हे तिथे ठरवताही येते. चांदीवरचे हे रंग हट्टी नाहीत, हवेने ते पुढे सरकत राहतात, म्हणून विकायला अवघड. घाऊक काम करणारे दाट द्रावणात बुडवून ही सगळी वाट क्षणात ओलांडतात आणि थेट काळ्यावर येतात.

विकायला अवघड असल्यामुळे जे काम टेबलावर येतच नाही, ते मला अलीकडे जास्त पाहावेसे वाटते. चांदीवर खरा मीना करणाऱ्या एका तरुण कारागीर स्त्रीकडे मी तिच्या नमुन्याच्या पट्ट्या पाहिल्या. बोटाएवढे चांदीचे तुकडे, प्रत्येकावर एकाच लाल काचेचे पाच चौकोन: एक सरळ चांदीवर, एक बिनरंगी थरावर, एक सोन्याच्या वर्खावर, एक दोनदा भाजलेला, एक तीनदा. पहिला तपकिरी, दुसरा विटकरी, तिसरा डाळिंबाच्या दाण्यासारखा. चौथ्याला तडा. पाचवा काळपट, पण कडेला गव्हाएवढ्या जागेत असा लाल की तो पुन्हा आणता येतो का हे पाहण्यासाठी तिने आणखी सहा पट्ट्या केल्या होत्या. प्रत्येकीच्या मागे टोकदार सळईने अंश आणि मिनिटे कोरलेली. त्यातली एखादी विकत देशील का, असे मी विचारले. ती नाही म्हणाली. सहावी पट्टी अजून भट्टीत जायची होती.